दोष आढळला नाही

अक्कांनी उभ्या नोकरीत कशालाही ‘पास’ म्हटलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत तपासणीचा अहवाल लिहायची वेळ आली की बाकीचे सगळे शेवटच्या ओळीत ‘पास’ लिहून मोकळे व्हायचे आणि कॉफीला पळायचे. अक्का लिहायच्या, ‘दोष आढळला नाही.’ साहेब कुरकुरायचे. दोन्हींचा अर्थ एकच आहे, मग एवढं लांबलचक कशाला, असं त्यांचं म्हणणं. अक्कांना ते कधीच पटलं नाही. पास म्हणजे मी याची हमी घेतली, त्या सांगायच्या, आणि दोष आढळला नाही म्हणजे मी शोधला, मला सापडला नाही, तेवढंच. माझ्या न सापडण्यानं तो नाही असं होत नाही.

हे त्यांचं फक्त ऑफिसापुरतं नव्हतं. माझं लग्न झाल्यावर मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझी बायको जळगावची, बेंगळूरला नवीन, आणि घरी जेवायला आलेला हा पहिलाच पाहुणा. तिनं दोन दिवस खपून भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी असा सगळा खानदेश ताटात मांडला. अक्का पोटभर जेवल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि समाधानानं म्हणाल्या, “दोष आढळला नाही.” बायको पुढं वर्षभर त्यांचं नाव काढलं की स्वयंपाकघरात निघून जायची. याहून मोठी शाबासकी त्या बाईंकडे नाहीच, हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

त्यांचं नाव मंदाकिनी हुक्केरीकर. बेळगावाकडच्या. घरात मराठी, शाळेत कानडी, कॉलेजात इंग्रजी, आणि बोलायला लागल्या की तिन्हींची भेळ. उंची एवढी बेताची की चाचणीच्या टेबलापाशी उभं राहायला त्यांनी घरून एक लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. अंगावर इरकली साडी आणि केसांत अबोलीचा लहानसा गजरा. वॉचमनपासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. नवरा होसकोट्याच्या एका कारखान्यात होता, तो मुलगा शाळेत असतानाच गेला. मुलगा एकुलता एक, राघवेंद्र. घरी राघू.

आता आम्ही काय तपासायचो ते सांगायला हवं. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही आणि सांगून तुमचं काही भलंही होणार नाही. पण वस्तू कुठल्याही पुस्तकात सापडेल अशी आहे. क्षेपणास्त्रात एक बॅटरी असते. ती वर्षानुवर्षं नुसती पडून राहते, थंड, मुकी. तिच्यातलं मीठ घट्ट असतं. वेळ आली की आतली दारू पेटते, मीठ वितळतं, बॅटरी जागी होते, थोडाच वेळ वीज देते आणि कायमची संपते. चार्ज करणं वगैरे काही नाही, एकच आयुष्य. आणि त्यातून आमची अडचण अशी की ती चालते का हे बघायचं तर ती पेटवावी लागते, आणि पेटवली की ती गेली. म्हणून एका लॉटमधल्या थोड्या पेटवून बघायच्या आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवायचा. ज्या तपासल्या त्या वापरता येत नाहीत आणि ज्या वापरायच्या त्या कधी तपासलेल्या नसतात. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी अक्कांनी हे मला समजावलं आणि विचारलं, “झोप येईल का रे चौधरी आता तुला?” मी तेव्हा हसलो होतो.

गंमत अशी की पेटून संपलेली बॅटरी बाहेरून नव्या बॅटरीसारखीच दिसते. तोच पत्र्याचा डबा, तेच आकडे. चुकून ती परत ट्रेमध्ये गेली तर पुढचं सगळंच ओम् फस्. म्हणून अक्कांचा एक नियम होता. चाचणी संपली की डबा हाताला सोसेल इतका निवायची वाट बघायची आणि दुसरं काहीही करण्याआधी त्याच्या डोक्यावर तांबड्या रंगाचा ठिपका द्यायचा. हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. रंगाची बाटली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असे. ठिपका देताना डबा तळहातावर घ्यायच्या आणि “झालं बघ याचं,” असं काहीतरी पुटपुटायच्या. तपासलेला परत ट्रेमध्ये ठेवायचा नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलीला खेळणी आवरायला लावतानाही ते माझ्या तोंडून निघतं.

न्यू तिप्पसंद्र्यातल्या त्यांच्या गल्लीत मात्र या बाईंची ख्याती वेगळीच होती. कामाविषयी घरी बोलायचं नाही हा दंडक असल्यामुळे शेजाऱ्यांना एवढंच कळलेलं की अक्का बॅटरीच्या ऑफिसात आहेत. झालं. सगळी गल्ली बंद पडलेल्या टॉर्च, पोरांच्या रिमोटच्या गाड्या आणि घरचे इन्व्हर्टर घेऊन त्यांच्या दारात. आणि अक्काही एकेकाला आत घेऊन, चष्मा लावून, सेल काढून, टोकं सुरीनं खरवडून देत. मी एकदा म्हटलं, अक्का, तुम्ही काय काम करता आणि हे लोक काय आणतात. त्यावर त्यांचं उत्तर होतं की टॉर्चचं बरं आहे, बटण दाबलं की कळतं तरी.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हेही लिहायला पाहिजे. घाई त्यांना सोसत नसे. कुणी “होऊन जाईल अक्का” म्हणालं की त्या हातातलं काम थांबवून, कसं होऊन जाईल ते सांग म्हणत आणि माणूस सांगेपर्यंत उभं करत. चिडल्या की कानडीत जात. पण चारच्या सुमाराला राग संपायचा आणि त्या ज्याला झापलं असेल त्यालाच घेऊन कँटीनला जायच्या. तिथं बाय-टू सांगायच्या, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. पूर्ण कॉफी त्यांनी कधी एकटीनं घेतली नाही. अर्धी प्यायला कुणीतरी समोर लागायचंच.

एका पावसाळ्यात आमच्याकडे एक मोठा लॉट आला होता. नमुने काढले, पेटवले, सगळे झकास चालले. साहेब खुशीत होते, वरून फोन येत होते, फक्त अक्कांची सही बाकी होती. अक्का सही करायच्या ऐवजी स्टूल उचलून स्टोअरमध्ये गेल्या. बॅटऱ्या ट्रेमध्ये यायच्या आणि ट्रे एकावर एक रचलेले असायचे. नमुने प्रत्येक ट्रेमधून काढावेत असा नियम होता, पण खालचे ट्रे काढायचे तर वरचे सगळे उतरवा, सील तोडा, परत लावा, हे सोपस्कार कोण करणार? मग वरच्याच ट्रेमधले नमुने निघायचे. ही आमच्या स्टोअरची फार जुनी, सर्वमान्य पद्धत होती आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अक्का स्टुलावर चढल्या, पदर खोचला आणि एकेक ट्रे उतरवायला लागल्या. आम्ही धावलो तेव्हा त्यांनी फक्त तळातला ट्रे दाखवला.

त्या ट्रेमधले नमुने चाचणीच्या टेबलावर आणून पेटवले, तर त्यातली एक बॅटरी पेटली, पण जागी झाली नाही. मीठ अर्धवट वितळलं आणि आकडा वर चढायच्या आधीच खाली आला. मागाहून कळलं की तळातले ट्रे भरले त्या दिवशी पुरवठादाराकडचं हवा कोरडी करणारं यंत्र बंद होतं, आणि बाहेर पाऊस. पण ते सगळं मागाहून. त्या दिवशी साहेब हताश होऊन खुर्चीत बसले. ते वाईट माणूस नव्हते. फार थकलेले होते. त्यांनी आवाज खाली आणून अक्कांना समजावलं की एवढा मोठा लॉट एका नगासाठी परत जाईल, आणि शेवटी या वस्तूचं काय होणार हे आपल्याला माहीत आहे. ती वापरलीच जाणार नाही. ती वापरली जाऊ नये म्हणूनच तर बनवलीय.

अक्का टेबलापाशी लावलेल्या स्टुलावरून उतरल्या. “बरोबर आहे सर,” त्या म्हणाल्या. “समोरच्याला वाटतंय की हे चालेल, म्हणून तो गप्प बसतो. चालतंय की नाही ते फक्त आपल्याला ठाऊक. सगळा देश त्या एका वाटण्यावर झोपलाय. मग आपण तरी आपल्याशी खोटं बोलायला नको की.”

लॉट परत गेला. अक्कांची बढती पुढं दोन वेळा लांबली, त्याचा याच्याशी संबंध होता की नाही ते मला सांगता येणार नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही.

बेंगळूरला आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कारखाने, गॅरेज, प्रयोगशाळा सगळे वेडे होतात. आमच्याकडेही झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, फाटकाशी कोहळे फोडणं, चिरमुरे-फुटाण्याची पाकिटं असा थाट असे. एका वर्षी आमच्या तरुण मंडळींनी पूजेच्या टेबलावर मधोमध बॅटरीचा एक रिकामा डबा ठेवला, त्याला हार घातला आणि कुंकू लावलं. अक्का आल्या. त्यांनी हार काढला, डबा कपाटात ठेवला आणि तोच हार चाचणीच्या यंत्राला घातला. मग मल्टिमीटरला कुंकू लावलं, एअरकंडिशनरला लावलं, आग विझवायच्या नळकांड्याला लावलं, शेवटी आपल्या स्टुलालाही. पोरं हिरमुसली. तेव्हा त्यांनी सांगितलं की जे रोज चालतं, रोज उपयोगी पडतं, त्याची पूजा करा. त्या डब्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, आणि पूजा केली की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. मी बाजूला उभा राहून चिरमुरे खात होतो. तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं.

अक्का निवृत्त झाल्या आणि आमच्या मराठी मंडळाला त्यांचा शोध लागला. मंडळात नाटकं, कोजागरी, मुलांचं मराठी वगैरे चालतं. एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात परिसंवादाची कल्पना आली. विषय होता, अण्वस्त्रांचा धाक हे देशाचं खरं संरक्षण आहे का. एका बाजूला हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी, दुसऱ्या बाजूला कॉलेजातले एक प्राध्यापक, आणि मध्ये अक्का, कारण त्या त्याच खात्यातल्या.

अधिकारी उत्तम बोलले. दोघांकडे ती शस्त्रं आल्यापासून मोठं युद्ध झालेलं नाही, सैन्यं सरहद्दीवर येऊन उभी राहिली तरी परत फिरली, याहून वेगळा पुरावा काय हवा, असं त्यांनी विचारलं आणि टाळ्या घेतल्या. प्राध्यापकही तयारीचे होते. मोठं युद्ध नाही हे खरं, पण लहान लढाया आणि हल्ले थांबलेत कुठं, त्यांनी विचारलं. उलट मोठं कुणी करणार नाही या भरवशावर लहान करायला लोक धजावतात. आणि धाकाचा सगळा डोलारा समोरचा शहाणा आहे, त्याला खरी बातमी मिळते आणि त्याच्याकडे विचार करायला वेळ आहे यावर उभा असतो. यातलं एक जरी चुकलं तर? त्यांनाही टाळ्या पडल्या, जरा कमी.

मग अक्का उठल्या. माईक खाली ओढून घेण्यात थोडा वेळ गेला. त्या म्हणाल्या, “मी आयुष्यभर वस्तू तपासल्या. ज्या वस्तूला वापरलं की सगळंच संपतं, ती तपासता येत नाही. मग आपण काय करतो, तर आजवरची वर्षं मोजतो. एवढी वर्षं काही झालं नाही, म्हणजे चालतंय. हे वरच्या ट्रेमधले नमुने झाले. हाताला लागले तेवढे आपण बघितले. खालचा ट्रे अजून कुणी उघडलेला नाही. मला विचाराल तर, दोष आढळला नाही. बस, तेवढंच.”

सभागृह गोंधळलं. अधिकाऱ्यांना वाटलं त्या प्राध्यापकांच्या बाजूच्या, प्राध्यापकांना वाटलं उलट. मागून एका गृहस्थांनी वैतागून विचारलं की मग ठेवायचं की टाकायचं, ते सांगा. अक्कांनी थोडा विचार केला. शेजाऱ्याकडे असेपर्यंत ठेवावं लागेल, त्या म्हणाल्या, पण ते आहे म्हणून पाय पसरून झोपू नये. जेवताना मला म्हणाल्या, फार स्वल्प बोलले ना मी. बटाटेवडा मात्र बराच वेळ चवीनं खाल्ला.

पहिल्या रांगेत राघूची बायको बसली होती. राघू नव्हता. तो सैन्यात, मेजर, तेव्हा कुठं तरी ईशान्येकडे. मंडळातल्या लोकांना त्याचा केवढा अभिमान. आई अशी, मुलगा असा, म्हणून प्रत्येकजण अक्कांपाशी येऊन सांगून जात होता. अक्का “सरी, सरी” म्हणत, म्हणजे कानडीत बरं, बरं, मान डोलवत होत्या.

पुढं राघूची बदली पश्चिमेकडे झाली, अगदी सरहद्दीला लागून. आणि मग तो मे महिना आला.

त्या दिवसांबद्दल मी काय सांगू, सगळ्यांनीच ते टीव्हीवर पाहिलेत. हल्ला, मग उत्तर, मग उत्तराला उत्तर. ड्रोन, क्षेपणास्त्रं, पडद्यावर लाल बाण असलेले नकाशे आणि ओरडणारी माणसं. इकडे व्हाइटफील्डला आमच्या सोसायटीत मॉक ड्रिलचा मेसेज फिरत होता आणि ऑफिसच्या कॅब नेहमीसारख्या सिग्नलला अडकून उभ्या होत्या. राघूचा फोन बंद होता. त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी हासनला गेली होती आणि अक्का घरी एकट्या होत्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मेट्रो पकडली आणि पुढं रिक्षा करून त्यांच्याकडे गेलो.

त्या गच्चीवर होत्या. सांडगे वाळत घातले होते आणि आभाळ भरून आलं होतं. मी आल्याआल्या त्यांनी मला कामाला लावलं. आम्ही दोघांनी प्लास्टिकचे कागद गुंडाळत सांडगे डब्यांत भरले. खालून शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत होता. त्यांचा स्वतःचा बंद होता. खाली आल्यावर त्यांनी कॉफी केली, एकच, आणि दोन पेल्यांत ओतली. मी काहीतरी धीर देणारं बोलायला गेलो. दोन्हीकडे ती शस्त्रं आहेत, कुणी त्या टोकाला जाणार नाही, एका हद्दीपलीकडे कुणी वाढवणार नाही, असं. मंडळातले अधिकारी बोलले होते तेच, त्यांच्याइतकं चांगलं नाही.

अक्कांनी पेला खाली ठेवला. “हा खालचा ट्रे आहे रे चौधरी,” त्या म्हणाल्या.

बाहेर पावसाला सुरुवात झाली. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नसावं. राघू बारावी झाला आणि सैन्यात निवडला गेला तेव्हाची गोष्ट. वडील नाहीत, आई एकटी, त्यामुळे त्याचा पाय निघत नव्हता. एका संध्याकाळी तो त्यांच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, आई, तू काय काम करतेस ते मला ठाऊक नाही, मी विचारत नाही, पण तुला कळत असणार. खरं सांग, लढाई होणार का? होणार असेल तर मी तुला सोडून जात नाही. होणार नसेल तर जातो.

“मी म्हटलं, होणार नाही. दोघांकडं आहे, आता कोण हात लावतंय. जा तू बिनघोर.” अक्का खिडकीकडे बघत होत्या. “तेवढं एकदाच मी पास लिहिलं.”

मी म्हणालो, अक्का, त्या वयाच्या मुलाला दुसरं काय सांगणार होता तुम्ही.

“त्याला नाही रे. मलाच पाहिजे होतं ते. सगळ्यांनाच पाहिजे असतंय. आपण ती वस्तू दुसऱ्याला भीती वाटावी म्हणून करतो, आणि आपल्याला निर्धास्त वाटतंय म्हणून जपतो. दुसऱ्याला किती भीती वाटते ते मला मोजता येत नाही. आपल्याला किती निर्धास्त वाटतंय ते मी घरात बघितलंय.”

मला फार वाईट वाटलं. या बाईला मी कधी हमी देताना पाहिलं नव्हतं, आणि दिली ती नेमकी पोटच्या पोराच्या बाबतीत. मी उठेपर्यंत फोन वाजला नाही.

दोन दिवसांनी ते थांबलं. जसं सुरू झालं तसंच, एकाएकी. राघूचा फोन आला, तो धड होता. मी आणि बायको पेढे घेऊन गेलो तर आमच्या आधी गल्ली तिथं हजर. जो तो एकच सांगत होता की बघा, चाललं की नाही शेवटी, बॉम्बच्या भीतीनंच थांबले. अक्कांनी सगळ्यांचे पेढे घेतले. एवढंच म्हणाल्या की थांबलं हे खरं, कशानं थांबलं ते मला माहीत नाही. मग मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की राघूच्या तुकडीतला एकजण गेला, मध्य प्रदेशातला, राघूहून लहान. लोक म्हणतात लॉट पास झाला, त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. पण मला कळलं. लॉटला चांगलं म्हणता यावं म्हणून ट्रेमधले काही आधीच जळून गेलेले असतात.

त्यानंतर मी अक्कांना एकदाच भेटलो, त्याच वर्षी आयुधपूजेला. पुढं त्या बेळगावला बहिणीकडे राहायला गेल्या, फोन असतो अधूनमधून. पण पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

राघू रजेवर आलेला होता. उंच, काळवंडलेला, आईच्या दुप्पट. त्यानं सकाळपासून स्कूटर धुऊन तिला झेंडूची माळ घातली होती, केळीचे खुंट बांधले होते. दुपारच्या विमानानं त्याला परत जायचं होतं, तिकडेच, त्याच ठिकाणी. कॅब बोलावली होती. त्याची बायको डबा भरत होती आणि लेक फुटाणे वेचून खात होती. अक्का कुंकवाची कोयरी घेऊन घरभर फिरत होत्या. स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं, कुकरला, शिलाई मशीनला, गल्लीतल्या कुणीतरी दुरुस्तीला टाकलेल्या दोन टॉर्चनाही लावलं. लाकडी स्टूल निवृत्तीच्या वेळी त्यांनी परत घरी आणलं होतं, त्यालाही.

राघू हसत होता. मला म्हणाला, काका, आईचं ते डिपार्टमेंट चाललं म्हणायचं बरं का, मी इथं उभा आहे त्याअर्थी. मग कॅबचा हॉर्न वाजला. त्यानं बॅग खांद्याला अडकवली, आईच्या पाया पडला आणि उठून, तिचा हात पोचावा म्हणून, नेहमीच्या सवयीनं डोकं पार खाली वाकवून उभा राहिला.

अक्कांचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते बोट त्याच्या कपाळाजवळ गेलं आणि तिथंच थांबलं. मी दाराशी होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. तांबडा ठिपका देताना डबा तळहातावर घेणारी ती अक्का मी किती वेळा पाहिली होती. त्यांनी हात मागे घेतला, बोट पदराला नीट पुसलं, पुन्हा एकदा पुसलं, आणि आत जाऊन देवापुढच्या सहाणेवरचं गंध घेऊन आल्या. पिवळं, ओलं गंध. ते त्यांनी त्याच्या कपाळाला लावलं.

“कुंकू संपलं का ग?” राघूनं विचारलं.

“नीट जा,” अक्का म्हणाल्या.

कॅब गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या होत्या. सगळ्या गल्लीभर फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी पडल्या होत्या आणि त्यांवरचं कुंकू ओघळून रस्ता लाल झाला होता. अक्कांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “चौधरी, तपासलेला परत ट्रेमध्ये ठेवत नव्हतो ना रे आपण?”

मी म्हणालो, नाही अक्का, कधीच नाही. त्या हं म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी कॉफी केली आणि दोन पेल्यांत ओतून माझ्यासमोर बसल्या.